तालमीचा जीर्णोद्धार की पुनरुज्जीवन?

पत्र : आमच्या पेठेतली तालीम जुनी. छत गळत होतं, आखाडा काही वर्षं बंदच होता आणि मागच्या आवारातली विहीर गाळानं भरली होती. सगळ्यांनी मिळून छत बदललं, विहीर उपसली, आता पोरं पुन्हा मातीत उतरायला लागलीत. दसऱ्याला समारंभ ठेवलाय. अडलंय ते एका शब्दावर. आमचे तात्या म्हणतात, 'जीर्णोद्धार' लिहा. पोरांना 'पुनर्जीवन' पाहिजे. एक देणगीदार 'नवसंजीवनी'वर अडून बसलेत. आणि फ्लेक्सवाल्यानं नमुना पाठवलाय त्यावर 'पुर्नजिवन सोहळा' आहे. पत्रिका, फ्लेक्स, संगमरवरी पाटी आणि महापालिकेला द्यायचा निधीचा अर्ज, चारही ठिकाणी काय लिहायचं ते एकदा नीट सांगा. भाषणही मलाच करायचंय.
– सचिव, एक तालीम मंडळ, कोल्हापूर

सचिवसाहेब, आधी फ्लेक्सवाल्याला फोन करून छपाई थांबवा. 'पुर्नजिवन' असा शब्द मराठीत नाही. रफार चुकीच्या अक्षरावर बसलाय आणि 'जी'चा 'जि' झालाय. बाकीचं सावकाश बघू.

तुमच्या मंडळात वाद होतोय कारण तुम्ही तीन वेगवेगळी कामं केलीत आणि त्या तिन्हींना एकच शब्द शोधताय. छत बदललं, विहीर उपसली, आखाडा सुरू केला. शब्द निवडताना एकच विचारायचं : आधी त्या गोष्टीला काय झालं होतं? मोडली होती, बुजली होती, बंद पडली होती की नुसती थकली होती? प्रत्येकाला मराठीत वेगळा शब्द आहे.

वास्तूपासून सुरुवात करू, कारण तिथं तात्यांचं बरोबर आहे. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. तो देवळाचा, घाटाचा, धर्मशाळेचा, बारवेचा, तालमीच्या वास्तूचा होतो. दगड, लाकूड, चुना, कौल यांचं काम असेल तिथं हा शब्द चपखल बसतो. त्यात जुनं रूप शक्य तेवढं राखलंय असाही अर्थ येतो. तुम्ही वासे तेच ठेवून फक्त कौलं, रीप आणि गिलावा बदलला असेल तर जीर्णोद्धार म्हणा. सगळं पाडून स्लॅब टाकला असेल तर ती पुनर्बांधणी. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं, त्यानंतर तिथं जे काम हाती घेतलं गेलं त्याला सगळे पुनर्बांधणीच म्हणतात. जळालेल्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हटलं तर कानाला खटकतं, कारण ती जुनी होऊन खचली नव्हती. एवढं मात्र करा, 'जीर्ण वास्तूचा जीर्णोद्धार' असं लिहू नका. जीर्ण एकदाच पुरे.

आखाडा ही वेगळी गोष्ट. तिथं काही मोडलं नव्हतं, तिथली हालचाल थांबली होती. कुस्ती, मेहनत, वस्ताद, पोरं, पहाटेची वर्दळ ही चालती गोष्ट असते. ती बंद पडून परत सुरू झाली की पुनरुज्जीवन. संस्था, चळवळ, कला, परंपरा, बंद पडलेली यात्रा, आटलेला झरा, यांचं पुनरुज्जीवन होतं. भिंतीचं होत नाही. कोकणात जुन्या, उंच वाढून कमी फळं देणाऱ्या आंब्याच्या झाडांची ठरावीक पद्धतीनं छाटणी करून त्यांना पुन्हा फळावर आणतात, त्यालाही शेतीखातं 'जुन्या आंबा बागांचे पुनरुज्जीवन' म्हणतं. तिथं शब्द अगदी अक्षरशः खरा आहे.

विहीर या दोघांच्या मधे येते. गाळ काढल्यावर झरे मोकळे झाले आणि पाणी आपोआप चढायला लागलं, तर विहिरीचं पुनरुज्जीवन झालं असं खुशाल म्हणा. कठडा बांधला, आतून रंग दिला आणि पाणी टँकरनं सोडलं, तर ते सुशोभीकरण. (सुशोभीकरण, नूतनीकरण, शुद्धीकरण यांत करणाच्या आधीची वेलांटी दीर्घ. 'सुशोभिकरण' शहरभर फलकांवर दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.) याच कसोटीवर 'पंचगंगेचं पुनरुज्जीवन' ही घोषणा आम्हाला पटत नाही. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती वाहतेच आहे, पावसाळ्यात तर घरात शिरते. तिला हवी आहे प्रदूषणमुक्ती. आटलेल्या ओढ्याला पुनरुज्जीवन म्हणा, मैल्यानं भरलेल्या नदीला नको. रंकाळा तलावाच्या बाबतीत लोक 'संवर्धन' म्हणतात, ते योग्य आहे, कारण आहे ते टिकवून वाढवायचंय.

आता पोरांचं 'पुनर्जीवन'. शब्द म्हणून तो अशुद्ध नाही. पुनर् अधिक जीवन, पुन्हा मिळालेलं आयुष्य. अडचण क्रियापदाची आहे. पुनर्जीवन मिळतं, लाभतं, दिलं जातं. ते 'केलं' जात नाही, जसं जीवदान कुणी 'करत' नाही, देतं. पुनरुज्जीवन मात्र करता येतं आणि होतं, कारण उज्जीवन या शब्दातच पुन्हा उठवून उभं करणं आहे. म्हणजे 'आखाड्याला पुनर्जीवन मिळालं' चालेल, 'आखाड्याचं पुनर्जीवन केलं' चालणार नाही. पोरांनी घाम गाळलाय, तर त्यांना 'केलं' म्हणता येईल असाच शब्द द्या.

वाक्यात वापरताना आणखी एक घोटाळा हमखास होतो. पुनरुज्जीवन हे नपुंसकलिंगी नाम, पुनरुज्जीवित हे विशेषण. 'आखाड्याचे पुनरुज्जीवन केले' किंवा 'आखाडा पुनरुज्जीवित केला', दोन्ही बरोबर. 'आखाडा पुनरुज्जीवन केला' चूक. 'पुन्हा पुनरुज्जीवन' ही द्विरुक्ती, कारण पुनर् म्हणजेच पुन्हा. तो आखाडा दोनदा बंद पडून दोनदा सुरू झाला असेल तरच तसं म्हणा! आणि 'पुनरुज्जीवीकरण' कुणी सुचवलं तर हात जोडा. उज्जीवनात करणं आधीच आहे, त्यावर आणखी 'करण' चढवायची गरज नाही.

नवसंजीवनीवाल्या देणगीदारांना कसं समजवायचं हे तुमच्यावर. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या असो की लक्ष्मणासाठी मारुतीनं आणलेली वनस्पती असो, संजीवनी नेहमी बाहेरून येते आणि मरणाच्या दारात असलेल्याला मिळते. म्हणून बातमीत 'अनुदानामुळे संस्थेला संजीवनी' हे नीट बसतं. पाटीवर देणगीदारानं स्वतःच्या रकमेला संजीवनी म्हणवून घेणं म्हणजे आपली पाठ आपणच थोपटणं. भाषणात तुम्ही त्यांचे आभार मानताना म्हणा, तिथं शोभेल. 'नव' मात्र कशाला? जुनी संजीवनी कुणी पाहिली आहे? वर्तमानपत्री मथळ्यांनी हा शब्द रुळवला आहे, चूक म्हणून खोडणार नाही, पण 'नवसंजीवनी'तून 'नव' काढला तरी अर्थ तसूभर कमी होत नाही. शेतकरी घरातल्या श्रोत्यांपुढे बोलताना 'संजीवक' आणि 'संजीवनी' यांची गल्लत टाळा. उसावर फवारायची जिबरेलिक ॲसिडसारखी वाढनियंत्रकं म्हणजे संजीवकं, शिरोळ-हातकणंगल्याकडच्या माणसाला संजीवक म्हटलं की आधी पंप आठवतो.

शुद्धलेखनाचा भाग जरा लांबेल, पण पाटी दगडात कोरायची आहे, तेव्हा वाचाच.

पुनरुज्जीवन : पुनर् + उत् + जीवन. उत् मधला त् पुढच्या ज मुळे ज् होतो, म्हणून ज दोनदा येतो. सत् + जन = सज्जन, तसंच. 'पुनरुजीवन' लिहिलं की एक ज गळाला. पुनर् मधला र् आणि उ मिळून 'रु' होतो, तो ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत मधले ऱ्हस्व-दीर्घ मुळाप्रमाणे ठेवायचे हा मराठी लेखनाचा नियम आहे, त्यामुळे 'पुनरूज्जीवन' चूक. छापताना हाच घोटाळा सर्वांत जास्त होतो, कारण र ला जोडलेला उकार पोटात बसतो आणि रु-रू यांतला फरक लहान अक्षरात डोळ्यांना कळत नाही. जीवन मधली वेलांटी दीर्घ. लोक 'जि' लिहितात ते 'जिवंत', 'जिवाला' यांच्या सवयीनं. ते शब्द मराठी वळणानं ऱ्हस्व झालेत. जीवन, जीवित, संजीवनी, पुनरुज्जीवित मात्र दीर्घच.

फ्लेक्सच्या 'पुर्न'चं कारण दुकानातल्या यंत्रात आहे. पुनर्जीवन मधला रफार ज वर बसतो, पुनर्वसन मध्ये व वर, पुनर्विकास मध्ये वि वर. फोनवर युनिकोडमध्ये टाइप करताना क्रम उच्चाराप्रमाणे : न, र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग ज. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये मात्र रफार हे वेगळं चिन्ह असतं आणि ते अक्षर टाइप केल्यावर मागून लावतात. अनेक दुकानांत तुमचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर आधी त्या जुन्या फॉण्टमध्ये बदलून घेतात, मग डिझाइनमध्ये टाकतात. त्या बदलात रफार एक घर सरकतो आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. काही वेळा दोष इतका सरळही नसतो, टाइप करणारा बोलतोच 'पुर्नवसन'. दोन्हींवर उपाय एकच. मजकूर व्हॉट्सॲपच्या संदेशासोबत पीडीएफ किंवा फोटो म्हणूनही पाठवा, म्हणजे मूळ कसं दिसतं ते समोर राहील. प्रूफ आल्यावर फोनवर पूर्ण मोठं करून एकेक शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. सलग वाचलं की मन चूक दुरुस्त करून वाचतं आणि डोळ्यांना ती दिसत नाही.

जीर्णोद्धार मध्ये द आधी, ध नंतर : द, हलन्त, ध. 'जीर्णोध्दार' हे फलकांवरचं नेहमीचं रूप चूक. बुद्ध, शुद्ध, सिद्ध, पद्धत, युद्ध सगळीकडे हाच क्रम. कोरीव काम करणाऱ्याला हे तोंडी सांगून भागत नाही, 'द्ध' मोठं लिहून द्या, कारण हातानं काढलेल्या द्ध आणि ध्द मध्ये एका रेषेचा फरक असतो. आणि 'जी' इथंही दीर्घ.

पुनर् लागलेले बाकीचे शब्दही तुमच्या अहवालात येतील. स्वर किंवा मृदू व्यंजन पुढं आलं की र् राहतो : पुनरागमन, पुनरुक्ती, पुनर्बांधणी, पुनर्गठन, पुनर्मुद्रण. क, प, स पुढं आले की विसर्ग होतो : पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना. च पुढं पुनश्च. र पुढं आला तर संस्कृत नियमानं पुनारचना व्हायला हवं, पण मराठीनं पुनर्रचना स्वीकारलंय आणि तेच लिहायचं. एखाद्या शासकीय योजनेच्या नावात 'पुनर्स्थापना' असेल तर नाव जसं आहे तसं ठेवा, तुम्ही सुधारायला जाऊ नका. अर्जात योजनेचं नाव बदललेलं दिसलं की कारकून तो परत पाठवतो.

आता अर्ज. इथं पुनरुज्जीवन, संजीवनी, नवचैतन्य यांतलं काही नको. निधी भावनेला मिळत नाही, अंदाजपत्रकातल्या बाबीला मिळतो. कामाचं नाव एका ओळीत, शेवट 'करणे', 'बांधणे', 'काढणे' असा, कार्यालयाची पद्धत तीच आहे : 'तालीम इमारतीचे छत दुरुस्त करणे व आवारातील विहिरीतील गाळ काढून कठडा बांधणे.' हा नमुना फक्त पद्धत दाखवायला; छत, गाळ यांतलं जे काम झालेलं आहे त्यासाठी आता पैसे मागू नका, उरलेलं काम वेगळं लिहा. गाळाचं माप घनमीटरमध्ये द्यावं लागतं. विहीर गोल असेल तर व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले 3.14, गुणिले गाळाची खोली. चार मीटर व्यासाच्या विहिरीत दीड मीटर गाळ असेल तर 3.14 × 2 × 2 × 1.5, म्हणजे साधारण 18.84 घनमीटर. इमारत वारसा यादीत असेल तर 'दुरुस्ती'ऐवजी 'जतन व दुरुस्ती' म्हणा. मंडळाची नोंदणी मधल्या काळात रखडली असेल, तर त्या अर्जात 'संस्थेचे पुनरुज्जीवन' हा शब्द चालतो की नाही हे ज्या कायद्याखाली नोंदणी आहे त्यावर ठरतं. सहकारी संस्था असेल आणि ती अवसायनात गेली (म्हणजे गुंडाळायला घेतली) असेल, तर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातले शब्द वापरावे लागतील. तिथं आपले गोड शब्द कामाचे नाहीत.

पत्रिकेवर 'मा. अमुक यांच्या शुभहस्ते पुनरुज्जीवन सोहळा' असं येऊ देऊ नका. हस्ते होतं ते एका क्षणाचं काम : उद्घाटन, पूजन, अनावरण. पुनरुज्जीवनाला महिने लागतात, ते पाहुण्यांच्या हस्ते दहा मिनिटांत कसं होईल? 'हस्ते' एवढं पुरतं, 'शुभ' वाढीव आहे. 'लोकार्पण'ही नको, तालीम पहिल्यापासून पेठेचीच आहे. आमचा मसुदा असा : 'तालमीच्या वास्तूचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन आखाडा पुन्हा सुरू होत आहे. त्यानिमित्त विजयादशमीस आखाडा पूजन.' फ्लेक्सवर तर आणखी कमी करा. लांबून वाचायचा असतो, 'आखाडा पुन्हा सुरू!' हे तीन शब्द पुनरुज्जीवनापेक्षा लवकर पोचतात. पोरांना कदाचित तेच आवडेल.

भाषणात संस्कृत शब्दांची गर्दी टाळा. चैतन्य, ऊर्जा यांचा मारा झाला की समोरची मंडळी फोन काढतात. (ऊर्जा आणि ऊर्जितावस्था यांतला ऊ दीर्घ, स्मरणिका काढणार असाल तर लक्षात ठेवा.) आपल्याकडं याच अर्थाचे कितीतरी चांगले बोलीतले शब्द आहेत आणि त्यांच्यात बारीक फरक आहे. उभारी मनाला येते आणि माणसं एकमेकांना देतात. तकवा अंगात असतो, आजारानं जातो, खुराकानं येतो, पैलवानाच्या संदर्भात हाच शब्द. तरतरी चहानंही येते आणि तेवढ्याच लवकर जाते. टवटवी चेहऱ्याला नि फुलाला. धुगधुगी म्हणजे विझता विझता राहिलेली जाग. आखाडा बंद असतानाही दोन-चार जण घरच्या घरी जोर-बैठका काढत होते असं सांगायचं असेल तर 'धुगधुगी होती' म्हणा. बाळसं धरणं हे सुरू झालेलं काम अंग धरू लागलं की, म्हणजे तुमच्यासाठी पुढच्या वर्षी. कात टाकणं मात्र रूप पालटलं असेल तरच, नुसतं छत बदलून तालमीनं कात टाकली म्हणू नका.

शेवटची सूचना भाषणातल्या एका वाक्यासाठी, जे कुणीतरी तुम्हाला हमखास लिहून देईल : 'शाहू महाराजांच्या विचारांचे पुनरुज्जीवन करूया.' कोल्हापुरात हे म्हणू नका. पुनरुज्जीवन म्हटलं की ते विचार मेले होते हे कबूल केल्यासारखं होतं आणि पहिल्या रांगेतला कुणीतरी उठून विचारेल. शिवाय 'पुनरुज्जीवनवादी' हा शब्द समाजसुधारणेच्या इतिहासात सुधारकांच्या विरोधकांसाठी वापरला जातो, जुन्या रूढी परत आणू पाहणाऱ्यांसाठी. 26 जुलै 1902 ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाशी तो शब्द जोडणं विचित्र दिसतं. विचारांचा 'जागर' म्हणा. तसंच मर्दानी खेळांबद्दल. कोल्हापुरात ते कधी थांबले नाहीत, त्यांचं पुनरुज्जीवन केलं म्हणालात तर लाठी-पट्टा फिरवणारे वस्ताद रागावतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

पाटीसाठी मजकूर : 'या तालमीच्या वास्तूचा जीर्णोद्धार व आखाड्याचे पुनरुज्जीवन पेठेतील नागरिकांच्या सहकार्याने आश्विन शुद्ध दशमी रोजी पूर्ण झाले.' यात 'जीर्णोद्धार' पुल्लिंगी आणि 'पुनरुज्जीवन' नपुंसकलिंगी, क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे 'झाले'. त्याखाली इंग्रजी तारीख आणि सन अंकांत. देणगीदारांची नावं वेगळ्या पाटीवर घ्या, एकाच दगडावर घेतली की अक्षर लहान करावं लागतं आणि रु-रू, द्ध-ध्द ची सगळी भानगड तिथंच होते. कोरण्याआधी कारागीर दगडावर पेन्सिलीनं किंवा कार्बननं अक्षरं उठवतो. त्या वेळी तात्यांना आणि पोरांपैकी एकाला, दोघांनाही तिथं उभं करा.